घोड्याची शर्यत, बैलाची शर्यत आणि आपण

(हिंजवडी, तालुका मुळशी, येथे म्हातोबाच्या यात्रेपूर्वी भरलेल्या शेतकरी व कारागीर यांच्या सभेत झालेले भाषण)



चैत्री पौर्णिमा तोंडावर आली आहे. म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला निघेल, गावोगावच्या यात्रा सुरू होतील, आणि यात्रा म्हटली की आपल्या पुणे जिल्ह्यात बैलगाड्याची शर्यत आलीच. म्हणून आज शर्यत या विषयावर बोलावयाचे मी ठरविले आहे. कोणी म्हणेल, शर्यत ही काय सभेत बोलावयाची गोष्ट आहे? मी म्हणतो, आहे. ज्या गोष्टीसाठी आपला मनुष्य पहाटे उठतो, कर्ज काढतो, ज्या गोष्टीवरून सरकारदरबारी आणि कोर्टकचेरीत दहा वर्षे झगडतो, ती गोष्ट लहान नव्हे.

आपल्यापासून चार-पाच कोसांवर, पुण्याच्या लष्करी भागात, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. ते 1830 साली लष्कराच्या जमिनीवर झाले. मुंबईस महालक्ष्मीचे मैदान आहे, ते 1883 सालापासूनचे. दोन्हींचा कारभार एकाच क्लबाकडे आहे. त्या क्लबास 1935 साली इंग्लंडच्या राजाने 'रॉयल' ही पदवी दिली, आणि राजा गेला, राज्य गेले, तरी ती पदवी अद्याप पाटीवर आहे. पावसाळ्यात पुण्यास शर्यती होतात, हिवाळ्यात मुंबईस. फेब्रुवारीच्या आरंभी महालक्ष्मीस 'डर्बी' नावाची मोठी शर्यत होते. 2400 मीटरांची ती धाव घोडा सुमारे अडीच मिनिटांत संपवितो. आपल्याकडील पहिली डर्बी 1943 साली झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने जिंकली.

या खेळास इंग्लंडात राष्ट्राचा खेळ म्हणतात. तेथे एप्सम गावच्या माळावर 1780 सालापासून डर्बी धावते आहे. राजा येतो, तसा गवंडी आणि भाजीवालाही येतो. माळावर उभे राहून फुकट शर्यत पाहण्याची चाल तेथे जुनी आहे. परंतु एक ध्यानात ठेवा. मैदान एक असले तरी बसावयाच्या जागा एक नाहीत. राजाची जागा निराळी, सावकाराची निराळी, मजुराची निराळी. आपल्याकडेही तेच. सभासदांचे दालन वेगळे आणि लोकांचे वेगळे. सगळे एकाच घोड्याकडे पाहतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. अशा खेळास राष्ट्राचा खेळ म्हणावे काय, याचा विचार आपण करावा.

आणि त्या घोड्याच्या मागे कोण असतो? मालकाचे नाव पुस्तकात छापून येते. परंतु पहाटे चारला उठून घोड्यास खरारा करणारा मोतद्दार, त्याची लीद काढणारा, त्याच्या खुरास नाल मारणारा नालबंद, हे सगळे आपल्याच जातीपातींतले लोक. घोडा जिंकला तर फोटो मालकाचा, आणि घोड्याने लाथ मारली तर हाड मोतद्दाराचे. कष्टकऱ्याची ही स्थिती शेतात आहे, गिरणीत आहे, आणि तबेल्यातही आहे.

आता घोडा आपणांस परका आहे असे कोणी समजू नये. भीमथडीची तट्टे हे नाव आपल्या बोलण्यात आजही आहे. भीमेच्या काठची ही तट्टे ठेंगणी, काटक, थोड्या चाऱ्यावर जगणारी. मराठ्यांच्या फौजा दूरवर गेल्या त्या यांच्या पाठीवर. आज ती तट्टे कोणी राखली? राजवाड्यांनी नव्हे. ती धनगरांनी राखली. बिऱ्हाड, कोकरू, लहान मूल पाठीवर घालून ही तट्टे मेंढरांमागून चालतात, म्हणून ती टिकली. अलीकडे सरकारने त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. म्हणजे विद्वानांच्या वहीत जे आता आले, ते धनगराच्या वाड्यावर शेकडो वर्षे उभे होते.

आणि आपल्या गाड्याच्या घाटात काय असते? खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी या बाजूस बैलांच्या पुढे घोडी धावते. घोडीवर पोरगा असतो, त्याच्या मागे बैल उधळतात, आणि दहा-पंधरा सेकंदांत बारी संपते. सांगली-साताऱ्याकडे छकडा असतो, त्यावर हाकणारा बसतो. विदर्भात यालाच शंकरपट म्हणतात. नावे वेगळी, तऱ्हा वेगळ्या, परंतु पाहणारा एकच आहे. तो कष्टकरी आहे. घाटाच्या दोन्ही अंगांस, दगडावर, बांधावर, झाडावर तो बसतो. तिकीट नाही, दालन नाही. पाटील ज्या धुळीत बसतो त्याच धुळीत मजूर बसतो. लोकांचा खेळ शोधावयाचा असेल तर तो येथे शोधावा.

या एका बारीमागे किती हात लागतात ते मोजा. सुताराने गाडा घडविला, लोहाराने चाकास धाव बसविली, चर्मकाराने जोते-पट्टे शिवले, मातंग बंधूने दोर वळला आणि हलगी वाजविली, धनगराने घोडी दिली, शेतकऱ्याने बैल पोसला, आणि घरच्या बाईने त्या बैलास पाणी पाजले, शेण काढले, आंबोण चारले. एवढे सगळे मिळून जी गोष्ट उभी राहते ती एका मालकाची कशी होईल? ती गावाची आहे.

आता कायद्याची कथा ऐका. 1887 सालच्या कायद्याने आपल्या मुंबई इलाख्यात जुगार हा गुन्हा ठरला. पुढे 1912 साली शर्यतीच्या मैदानांना परवाना देण्याचा निराळा कायदा झाला. परिणाम काय झाला? चावडीमागे चार आण्यांचा डाव मांडला तर शिपाई मानगूट धरतो, आणि परवान्याच्या मैदानावर हजारांची पैज लावली तर शिपाई दारावर बंदोबस्तास उभा राहतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका खटल्यात निकाल दिला की, घोड्याच्या शर्यतीवर पैज लावणे हा केवळ नशिबाचा खेळ नसून त्यात कौशल्य आहे. तो निकाल आपण मानला पाहिजे. तो मानूनच मी पुढचा प्रश्न विचारतो.

2011 साली केंद्र सरकारने एक फर्मान काढले. ज्या जनावरांचा खेळ करावयाचा नाही अशांची एक यादी आहे. त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. त्यांच्या पंगतीस बैल नेऊन बसविला. घोडा मात्र यादीत नाही. पुढे 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील गाड्यांच्या शर्यती बंद केल्या. घोडा हा धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे, बैल ओढण्यासाठी घडलेला आहे, असा त्यात विचार होता. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने सूट दिली, ती आठ दिवसांच्या आत स्थगित झाली. 2017 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने स्वतःचा कायदा केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण उच्च न्यायालयात तोही अडला. सरकारने बैलाच्या धावण्याच्या शक्तीविषयी अहवाल तयार करवून न्यायालयापुढे ठेवला. शेवटी 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर शर्यतीस मोकळीक मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांचे कायदे कायम केले.

दहा वर्षे! या दहा वर्षांत पुण्याच्या आणि मुंबईच्या मैदानांस प्राण्याच्या नावाने कोणी कुलूप घातले नाही. महालक्ष्मीच्या जमिनीचा 1914 सालचा भाडेपट्टा 2013 साली संपला, तरी शर्यती चालू राहिल्या. 2024 साली 211 एकरांपैकी 120 एकर लोकांच्या बागेसाठी आणि 91 एकर क्लबाकडे, 2053 सालापर्यंत, असे ठरले. मुंबईच्या ऐन मध्यावर 91 एकर! आणि येथे हिंजवडीस, 1990 नंतरच्या वर्षांत औद्योगिक महामंडळाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या तेव्हा कोणी विचारले काय की, या गावास यात्रेचा घाट हवा, गुरांस चरण्यास गायरान हवे, पोरांस खेळावयास माळ हवा? जेथे आपल्या आजोबांची औते चालली तेथे आज काचेचे मनोरे आहेत. त्या मनोऱ्यांत आपली मुले कामास असतील तर मला आनंदच आहे. परंतु साहेबांच्या घोड्यास एकरांनी जागा आणि शेतकऱ्याच्या बैलास गुंठाभर नाही, हा न्याय कोणता?

एवढे बोललो तेव्हा टाळ्या झाल्या. आता जे बोलणार आहे त्याला टाळ्या होणार नाहीत, तरी ते ऐकून घ्या. दुसऱ्याचे माप काढणाऱ्याने आपलेही माप काढावे.

बंदी आली ती केवळ कोणी आपला द्वेष केला म्हणून आली काय? घाटात बैलाची शेपटी पिरगाळली जात होती की नव्हती? शेपटी दातांनी चावली जात होती की नव्हती? पराणीचे खिळे, काठीचे वळ, विजेच्या बॅटरीचा चटका, हे प्रकार झाले की नाहीत? ज्यांनी ते केले नाहीत त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि गप्प बसले. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या शिंगास बेगड लावावयाची, ज्याच्या पायावर पाणी घालावयाचे, ज्याला पुरणपोळी भरवावयाची, त्याच्याच पाठीवर यात्रेच्या दिवशी वळ उठवावयाचे, हे शेतकऱ्याच्या धर्मात बसत नाही. घोडेवाले चाबूक मारतात म्हणून आपणही मारावा, हे उत्तर नव्हे. ज्याने आपल्या बापाचे शेत नांगरले त्याला मारून मिळालेली ढाल घरात ठेवण्यालायक नाही.

आता कायद्यात स्पष्ट आहे. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा, धाव एक हजार मीटरांपेक्षा लांब नसावी, काठी, चाबूक व विजेचा झटका बंद. मोडणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. या अटी आपल्या वैऱ्याने घातल्या असे समजू नका. या अटींवरच आपला हक्क उभा आहे. एका गावच्या एका आडदांड पोराने पराणी लपवून नेली तर साऱ्या जिल्ह्याचा घाट पुन्हा कोर्टात जाईल. मग बैल गेला अन् झोपा केला, अशी गत होईल.

दुसरी गोष्ट पैजेची. घोड्याच्या मैदानावर पैज कशी चालते ते समजून घ्या. सर्वांच्या पैजेचा पैसा एका राशीत जमा होतो. त्यातून आधी कर आणि खर्च कापतात, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. सरकारने 1 ऑक्टोबर 2023 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के कर लावला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के केला. आता साधा हिशेब करा. समजा, दहा मित्र मिळून हजार रुपये घेऊन गेले आणि प्रत्येक डावात चौथा हिस्सा कापला जातो असे धरा. पहिल्या डावानंतर दहा जणांत मिळून साडेसातशे उरले. ते पुन्हा लावले, साडेपाचशेच्या आसपास उरले. तिसऱ्या डावानंतर सव्वाचारशेच्या आत. चौथ्यानंतर तीनशे सोळा. त्या दहांतला एखादा हसत घरी येईल, आणि त्याचीच गोष्ट गावभर होईल. उरलेले नऊ कोणास काही सांगणार नाहीत. कौशल्य असो की नशीब असो, रास दर डावाला लहान होते, हे गणित कोणत्याही कोर्टाने बदलणार नाही.

आपल्या घाटात तर परवाना नाही, रास नाही, नियम नाही. तेथे चोरून लावलेली पैज म्हणजे निव्वळ जुगार. ती कायद्याने गुन्हा आहे आणि घराचा घात आहे. हिंजवडीत हे मला विशेष करून सांगावयाचे आहे, कारण येथे जमिनीचा पैसा आला. पैसा येणे वाईट नाही. परंतु जमीन ही दरवर्षी पिकते, आणि जमिनीचा पैसा एकदाच येतो. कोणी त्या पैशातून पोरगा शिकविला, कोणी पोरीच्या नावे ठेवला, कोणी दुसरीकडे शेत घेतले. आणि कोणी गळ्यात साखळी, दारात मोटार आणि गोठ्यात लाखांचा बैल बांधला. लोक त्याला हसून गुंठामंत्री म्हणतात. मंत्रिपद पाच वर्षांत जाते, हे तर दोन वर्षांत जाते! मग दारच्या बैलास उडदाची डाळ, दूध, बदाम, अंडी, आणि घरातल्या पोराची फी थकलेली. अशा घरातील माउलीला विचारा की शर्यत कशी असते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, हे ती रोज भोगते.

बक्षिसांचेही तसेच. पूर्वी ढाल, फेटा, नारळ, थोडी रक्कम असे असे. आता मोटारसायकल, ट्रॅक्टर, मोटारगाडी, खोदाईचे यंत्र, येथवर मजल गेली आहे. मी विचारतो, हे बक्षीस कोण देतो आणि कशासाठी देतो? ज्याच्या खिशातून एवढे निघते तो ते कोठून तरी परत घेणारच. व्यासपीठावर ज्याचा फोटो बैलाच्या फोटोपेक्षा मोठा असतो, त्याच्यापासून सावध राहा. बैल आपला, घाट आपला, गर्दी आपली, आणि मते त्याची, असा हा सौदा आहे.

जगात दुसरीकडे काय करतात तेही सांगतो. जपान देशात घोड्यांची शर्यत फार लोकप्रिय आहे. तेथील मध्यवर्ती शर्यतसंस्था 1954 सालच्या कायद्याने चालते. पैजेच्या उलाढालीचा दहावा हिस्सा सरकारच्या तिजोरीत जातो आणि त्यातील तीन चतुर्थांश पशुसुधारणेकडे व एक चतुर्थांश समाजकल्याणाकडे लावावा, असे तेथे ठरलेले आहे. म्हणजे शर्यतीचा पैसा गोठ्याकडे परत येतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मैदानांवरून जो कर जातो, त्यातील काही भाग जनावरांच्या दवाखान्यांस, खिल्लार बैल आणि भीमथडीच्या तट्टांच्या जोपासनेस बांधून द्यावा, अशी मागणी आपण का करू नये?

आणि आपल्यातच उदाहरण आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधविले, ते 1912 साली खुले झाले. मातीचा आखाडा मध्ये आणि सभोवार चढत जाणारी बैठक, जेणेकरून शेवटच्या रांगेतील गड्यासही आखाडा स्वच्छ दिसावा. खेळ लोकांचा असेल तर जागाही लोकांसाठी नीट बांधावी लागते, हे त्यांनी दाखविले. आपल्या घाटांवर गाडा गर्दीत घुसून माणसे जखमी झाली आहेत, काही दगावलीही आहेत. बाया-मुले कोठे बसतील याचा कोणी विचार करीत नाही. बहीण-लेकीने घाटावर जाऊ नये असे आपण म्हणतो, आणि बैलाचे शेण मात्र तिनेच काढावे! हे चालणार नाही.

म्हणून या सभेपुढे मी पाच गोष्टी ठेवतो. पहिली, पराणी, काठी व बॅटरी घेऊन येणाऱ्याचा गाडा त्याच वेळी बाद करावा, मग तो सरपंचाचा असो की पाहुण्याचा. दुसरी, कोणाची बारी आधी हे चिठ्ठी काढून ठरवावे, मानपानावरून नव्हे. चिठ्ठी कोणाची जात पाहत नाही आणि कोणाचा सातबारा वाचत नाही. तिसरी, घाटावर पैज लावणारा सापडल्यास त्यास गावाने उघड नाव घेऊन सांगावे, आणि पोलिसांच्या हवाली करावे. चौथी, बक्षिसाची रक्कम आटोक्यात ठेवून उत्पन्नाचा एक ठरलेला हिस्सा जनावरांच्या औषधासाठी आणि गावातील मुलामुलींच्या शिक्षणासाठी बाजूस काढावा, आणि त्याचा हिशेब चावडीवर लावावा. पाचवी, घाटास दोन्हीकडे मजबूत आडोसा, बायकांसाठी बसावयाची स्वतंत्र व सुरक्षित सोय, आणि डॉक्टरांची गाडी, याशिवाय निशाण पडू देऊ नये.

यांतली एकही गोष्ट सरकारकडे मागावयाची नाही. पाचही आपल्या हातातल्या आहेत. सरकारकडे मागावयाचे ते वेगळे. प्रत्येक तालुक्यास यात्रेसाठी राखीव माळ, आणि शर्यतीच्या करातून पशूंसाठी हिस्सा. ते मागताना आपले हात स्वच्छ असले तर आवाजही मोठा निघेल.

ज्या बैलाने आपणांस दोन वेळची भाकर दिली, त्याचे काम आता ट्रॅक्टरने घेतले आहे. शेतातून तो जवळजवळ गेला. आज तो उभा आहे तो बऱ्याच अंशी या घाटामुळे. घाट गेला तर खिल्लाराची दावण मोडेल, ती पुन्हा भरणे कठीण. आणि घाट जुगाऱ्याच्या हाती गेला तर दावण राहील, पण दावणीमागचे घर मोडेल. या दोन्हींतून वाट काढावयाची आहे. घोडामैदान जवळच आहे. यात्रा आता दिवसांवर आली आहे. त्या दिवशी घाटावर आपण कसे वागतो, यावरून कळेल की हा खेळ खरोखर लोकांचा आहे की नाही.